शून्य लिहिलेली बाटली

माझ्या धाकट्या भावाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, त्या दिवशी आम्ही नागपूरहून गाडीने परत येत होतो. मागे तो आणि त्याची बायको, पुढे मी. ड्रायव्हरने गाणी लावली होती, ती मी बंद करायला सांगितली. भंडारा मागे पडलं, वरठी आली, त्याच्या कारखान्याच्या चिमण्या दिसल्या, तेव्हा तो एकदाच म्हणाला, "ताई, मी नाई खाल्ला वो."

त्याच्या बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

खाल्ला म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. आमच्या भागात चहा विचारावा तसा माणूस माणसाला खर्रा विचारतो. माझा भाऊ मोहाडीहून रोज मोटारसायकलने वरठीच्या पोलाद कारखान्यात जायचा आणि खर्रा गालात असल्याशिवाय त्याची गाडी सुरू होत नसे. आधी गालात पांढरा चट्टा आला. मग तोंड उघडेनासं झालं, दोन बोटं जेमतेम आत जायची. मग जखम झाली ती भरेना. तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की कर्करोग आहे.

सर्जनने आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. गालातली गाठ काढायची, म्हणजे गालच काढायचा. तिथे मनगटाजवळचं कातडं रक्तवाहिनीसकट आणून बसवायचं. "शरीरात निकोटीन असलं की बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बसवलेलं कातडं काळं पडतं आणि मरतं. मग गालाला भोक राहतं. म्हणून मी आधी लघवी तपासतो. साफ असेल तरच हात लावतो."

तपासायची पट्टी साधी असते. दोन रेघा आल्या तर शरीर साफ. एकच आली तर निकोटीन आहे. भावाच्या पट्टीवर पहिल्यांदा एक रेघ आली. आम्ही त्याला नाही नाही ते बोललो आणि त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदाही एकच आली. त्याची तारीख दुसऱ्या पेशंटला गेली.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मी काही कसर ठेवली नव्हती. मी भंडाऱ्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात औषधांचं विश्लेषण शिकवते. कामं लिहून काढायची, वाटून द्यायची आणि झाली की खोडायची, हा माझा स्वभावच आहे. मोहाडी ते वरठी रस्त्यावरच्या प्रत्येक पानठेल्यावर मी स्वतः उतरून सांगितलं होतं की याला काही द्यायचं नाही. त्याच्या शिफ्टमधल्या लोकांना फोन केले होते. खिसे बघायचं काम त्याच्या बायकोकडे, गाडीची डिकी माझ्याकडे. माय रोज सकाळी त्याच्याकडून देवासमोर शपथ घ्यायची. एवढं सगळं करून एकच रेघ.

घरी पोचल्यावर तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "थांब. एक वस्तू दाखवतो."

मोटारसायकलच्या सीटखाली, अवजारांच्या थैलीत, पेनासारखी एक जाड नळी होती आणि दोन छोट्या बाटल्या. ई-सिगारेट. कारखान्यातल्या मित्राने नागपूरहून आणून दिलेली. बाटल्यांवर फळांची चित्रं होती आणि गोलात मोठं शून्य.

"यात काहीच नाई. नुसती वाफ. खर्रा सोडला तं हाताले अन् तोंडाले काहीतरी काम पाहिजे न. पाह्य, शून्य लिहून हाये."

त्याची बायको दारात उभी होती. "म्हणूनच न्हाणीत स्ट्रॉबेरीचा वास येत होता. मले वाटलं माणूस देवाले लागला, उदबत्ती लावून राहिला."

"तुले सांगतलं असतं तं तू फेकून देल्ली असती."

"मंग काय, आरती केली असती?"

खरं सांगते, मला त्या क्षणी हायसं वाटलं. या वस्तूवर देशात बंदी आहे. बंदी असलेला माल चोरून येतो, कोणी तपासत नाही, बाटलीवर काहीही छापता येतं. शून्य लिहिलेल्या बाटलीत निकोटीन असणं अगदी शक्य होतं. म्हणजे भाऊ खोटं बोलत नव्हता. म्हणजे बाटली बंद केली की पट्टी साफ होणार होती आणि ऑपरेशन होणार होतं. नळी आणि दोन्ही बाटल्या मी पर्समध्ये टाकल्या.

पण सर्जनला नुसतं सांगून भागणार नव्हतं. त्याने दोनदा ऐकलं होतं, "डॉक्टर, मी सोडलं." तिसऱ्यांदा काहीतरी दाखवायला हवं होतं. मी नागपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेला फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. "मॅडम, बंदीचा माल आहे. आम्ही सॅम्पल घेतला तर पावती कशाची फाडणार?" सरकारी कार्यालयात विचारलं तर ते म्हणाले, जप्त केलेला माल पंचनाम्यासोबत आला तरच तपासतो. "तुमच्याकडे कसा आला?" असंही त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

राहिली आमची कॉलेजची प्रयोगशाळा. प्राचार्यांना मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "रविवारी येऊन पुढच्या प्रॅक्टिकलची तयारी करायची असेल तर करा. बाकी मला काही सांगू नका." चावी त्यांनीच टेबलावर सरकवली.

रविवारी भाऊ माझ्यासोबत आला. नको म्हटलं तरी आला. तोंडाला रुमाल बांधून स्टुलावर बसला, पाय दांड्यावर, हात मांडीखाली, जणू कशाला हात लागला तर निकाल बदलेल.

तुलना करायला शुद्ध निकोटीन लागतं. ते असं कुठे मिळत नाही, ते विष आहे. म्हणून मी औषधाच्या दुकानातून निकोटीनचं च्युइंग गम आणलं होतं, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी मिळतं ते. त्यात निकोटीन नक्की असतं, किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

"मंग मले हेच काहून नाई देल्लं?" त्याने विचारलं.

"यातही तेच आहे. तपासायच्या पट्टीला गम काय अन् खर्रा काय, सारखंच."

"चांगलं हाये. सोडायचं औषध बी तेच."

बाटलीतला द्रव मधासारखा चिकट होता. पिपेटने मोजला तर अर्धा काचेलाच धरून राहतो, म्हणून मी थेंब थेंब तराजूवर घेतला. सौम्य आम्लात विरघळवला, चौकोनी काचनळीत भरला आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवला. या यंत्रात डोळ्याला न दिसणारा प्रकाश द्रवातून जातो. निकोटीन असेल तर आलेखावर एका ठरावीक जागी उंचवटा येतो. रेघ सरळ आली, सरळ आली आणि त्या जागेच्या आसपास चढायला लागली.

भाऊ उठून मागे उभा राहिला. "हे काय, टेकडी?"

"हं."

"म्हणजे सापडलं?"

"थांब. वास देणारी द्रव्यंही साधारण तिथेच दिसतात. आधी ती वेगळी करावी लागतील."

पण तो तोवर व्हरांड्यात गेला होता. बायकोशी फोनवर चाललेलं त्याचं बोलणं मला आत ऐकू येत होतं. नीट उघडत नसलेल्या तोंडाने तो जमेल तेवढं मोठ्याने बोलत होता. "सापडलं म्हणतो न. बाटलीतच होतं. मायले सांग. तुह्या बापालेही सांग."

मी त्याला थांबवायला हवं होतं की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता. मी द्रवात अल्कली घातली, विलगीकरणाच्या नरसाळ्यात ईथर घालून हलवलं. निकोटीन असेल तर ते ईथरमध्ये जातं आणि पुन्हा आम्ल दिलं की आम्लात परत येतं. रंग, गोडवा आणि बहुतेक वास मागे राहतात. गमचंही तसंच केलं. मग एका पातळ लेप दिलेल्या पट्टीवर दोन्हींचे ठिपके ठेवले, एक गमचा, एक बाटलीचा, आणि पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण वर चढेपर्यंत आम्ही दोघं काचेच्या भांड्याकडे पाहत बसलो. पट्टी वाळवून मी तिच्यावर फवारा मारला. निकोटीनसारखं काही असेल तिथे या फवाऱ्याने नारिंगी डाग उठतो.

गमच्या बाजूला नारिंगी डाग उठला, गोल, स्वच्छ. बाटलीच्या बाजूला काहीच नव्हतं.

शुद्ध केलेला द्रव यंत्रात पुन्हा घातला. टेकडी गेली होती. रेघ सपाट.

"अजून एक डाव करून पाह्य न," भाऊ म्हणाला.

मी पुन्हा केलं, जास्त द्रव घेऊन. दुसऱ्या बाटलीचंही केलं. पट्टीवर गमचे डाग तेवढे दर वेळी येत राहिले. बेकायदा माल, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आणि बाटलीवर लिहिलेलं अगदी खरं होतं. शून्य म्हणजे शून्य.

"म्हणजे मी खोटा," तो म्हणाला.

"असं मी म्हटलं का?"

"मशीननं म्हटलं न."

मी भांडी धुवायला घेतली. त्याच्याकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता आणि माझ्याच हाताने मी विश्वासाची शेवटची जागा पुसून टाकली होती. तो स्टुलावर बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मी मरायच्या भेवानं तरी खाईन का गा खर्रा? सांग न." बाईमाणसाशी बोलताना आमच्याकडे 'वो' म्हणतात, 'गा' म्हणतात ते पुरुषाला. बापाशी, भावाशी बोलावं तसं तो माझ्याशी बोलत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मी पुढचं भांडं घासायला घेतलं.

मोहाडीला त्याच्या बायकोने पातळ शिरा करून ठेवला होता. खूप दिवसांनी घरात काही गोड शिजलं होतं. मी तिला चुलीपाशी गाठून सांगितलं की बाटलीत काही नाही.

"फोनवर तं म्हणे सापडलं."

"घाई केली त्याने."

"त्याचं असंच हाये, ताई. आधी सगळ्यायले सांगते, मंग पाहते." तिने शिऱ्यावर झाकण ठेवलं. "आता मीच सांगत फिरू का साऱ्यायले, का नाई सापडलं म्हणून?"

त्याच आठवड्यात सर्जनचा फोन आला. आवाज चढवून बोलायची त्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "मॅडम, गाठ वाढते आहे. शेवटची तारीख देतो. या वेळीही पट्टीवर निकोटीन दिसलं तर मी कातडं बसवणार नाही. गाठ काढेन आणि उरलेला गाल ओढून शिवून टाकेन. तोंड उघडणार नाही. जन्मभर नळीने जेवावं लागेल. तुम्ही घरातल्या शिकलेल्या आहात, त्याला समजवा."

मी कॉलेजात रजा टाकली आणि बॅग घेऊन मोहाडीला राहायला गेले. तोवर मी जायची ती रविवारी दुपारी, नाहीतर कामापुरती. आता त्याला एक क्षण नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं ठरवून गेले. संडासात गेला तरी मी दाराबाहेर. त्याने विरोध केला नाही. कोणी पाळत ठेवावी, हे त्यालाच हवं होतं असं वाटलं. निदान कोणीतरी पाहील की तो काही खात नाही.

पहिल्याच सकाळी मी चहाचा कप घेऊन परसात आले. न्हाणीजवळच्या दगडावर माय बसली होती. तिच्यासमोर भाऊ उकिडवा बसला होता, मान वर, डोळे मिटलेले.

"आ कर, बाबू."

"उघडत नाई न, माय."

"जेवढं उघडते तेवढं कर."

मायने आपलं बोट त्या फटीतून आत घातलं. बोट काळं होतं. हिरड्यांवरून ते हळूहळू फिरलं, मग जखमेच्या बाजूला गेलं आणि तिथे बराच वेळ राहिलं. किती जपून लावत होती ती. आम्ही लहान असताना तळपायातला काटा काढायची, तेव्हा ती असाच श्वास रोखून धरायची.

"कसं वाटते?"

"बरं वाटते. दुखणं थांबते."

तो थुंकला, भिंतीला टेकून बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर एक शांतपणा पसरला. तो शांतपणा माझ्या ओळखीचा होता. सकाळचा पहिला खर्रा गालात गेल्यावर वर्षानुवर्षं मी तो पाहिला होता.

"माय, काय लावून राहिली त्याले?"

"दातासाठी. त्याच्या तोंडात बरश जात नाई. वास मारते. सून तं नाक दाबते."

"मी कधी नाक दाबलं?" घरातून आवाज आला.

"दाबते. पदरानं दाबते."

दगडावर पत्र्याची गोल डबी होती. गुडाखू. तंबाखू आणि गूळ यांचं काळं लुगदं. आमच्या भागातल्या कितीतरी बाया त्यानेच दात घासतात. माझी माय आयुष्यभर घासत आली. खर्रा खाणाऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी बाई, पण गुडाखू म्हणजे तंबाखू असं तिच्या कधी मनात आलं नाही. तिच्याच काय, कोणाच्याच नाही. पेस्टला पेस्ट म्हणतात, गुडाखूला गुडाखू. लग्न होऊन मी भंडाऱ्याला गेले तेव्हापासून ती डबी मी नीट पाहिलीही नव्हती. आणि भाऊ तर कॉलेजात असल्यापासून ब्रश वापरत होता.

"कधीपासून लावतेस याला?"

"तुकडा कापून नेला न तपासायले, तेव्हापासून."

म्हणजे लघवीच्या दोन्ही तपासण्यांच्या आधीपासून. रोज सकाळी, जखमेवर, रगडून.

"पण हेच का, माय?"

मायने डबी उचलून माझ्यासमोर धरली. मला कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं. झाकणावर कायद्याने छापायला लावलेलं चित्र होतं, सडलेल्या तोंडाचं, ओठ ओढून दाखवलेली लालपांढरी जखम. "हे पाह्य न. असंच तोंड हाये का नाई त्याचं? आधी मी माह्या दातापुरती घेत होती, कोण चित्र पाहते? याचं तोंड असं झालं अन् एक दिवस नजर गेली. म्हटलं, अरे, हे तं याच्यावरचंच हाये. खाजेच्या मलमावर खाजेचंच चित्र राह्यते न. तसं."

चित्राखाली इशारा छापला होता. मायला वाचता येत नाही. भावाला येतं, पण डबी त्याने कधी हातात घेतली नव्हती. तो मान वर करून आभाळाकडे पाहत बसायचा.

मी कप खाली ठेवला. मायसमोर बोलायचं नाही एवढं कळलं. मायचं बोट अजून काळं होतं, ती तांब्यातल्या पाण्याने ते धुवत होती. मी भावाला खुणेने बाहेर बोलावलं. घराच्या बाजूला, धानाच्या रिकाम्या बांधीपाशी उभं राहून त्याला सांगितलं.

"तो तं गुडाखू हाये, ताई. तंबाखू कुठं?"

"तंबाखूच आहे."

"नाई वो. बाया घासते तो."

त्याला पटेना. मला त्याला पटवायचं होतं, आणि मलाही दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायचा नव्हता. मी चिमूटभर लुगदं कागदात गुंडाळून कॉलेजात नेलं. या वेळी रविवारची वाट पाहिली नाही, प्राचार्यांना विचारलंही नाही. तेच आम्ल, तेच ईथर, तीच पट्टी, बाजूला गमचा ठिपका. फवारा मारताच गुडाखूच्या बाजूला नारिंगी डाग उठला, गमच्या डागाहून मोठा, वर-खाली पसरलेला, कडा फाटलेला. मी फोटो काढून त्याला पाठवला.

मग फोन आला. तो रडत होता की तोंडामुळे आवाज तसा येत होता, कळलं नाही.

"मायले नोको सांगू."

"नाही सांगत."

"कधीच नोको सांगू."

त्याच्या बायकोला मात्र सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि ओट्यावर बसली. "एवढे दिवस मी त्याचे खिसे शोधून राहिली," एवढंच म्हणाली. सासूशी तिचं कधी जमलं नव्हतं. भांडायला एवढं मोठं कारण हातात आलं होतं. पण मायला काही कळू द्यायचं नाही, हे तिने मी सांगायच्या आधीच ठरवून टाकलं.

सांगायचं नाही म्हटल्यावर थांबवायचं कसं? भाऊ मायला म्हणाला, आग होते. माय म्हणाली, "औषध हाये तं आग होईनच." मी म्हटलं, डॉक्टरने मनाई केली. माय म्हणाली, "कोणत्या डॉक्टरनं? ज्यानं दोन डाव वापस पाठवलं, त्यानं?" मी डबी उचलून नेली. तिने दुकानातून दुसरी आणवली, कारण गुडाखूशिवाय तिचं स्वतःचं डोकं दुखायचं. सकाळी ती बोट भरून त्याच्या मागे मागे फिरायची. शेवटी त्याच्या बायकोने तोंडाचं काम हातात घेतलं. मिठाचं कोमट पाणी, कापूस. माय उठायच्या आधीच ती त्याला न्हाणीत नेऊन दार लावायची. माय दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "लेकरू माह्यं, अन् दार ह्यायचं."

तिसऱ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. भावाने पट्टी सर्जनच्या हातून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. त्याच्या बायकोनेही पाहिली. आम्ही तिघं हसायच्या बेतात होतो. पण सर्जनने तेवढ्यात नवा स्कॅन लावला होता आणि तो आमच्याकडे पाहत नव्हता.

"हाडात गेलं आहे," तो म्हणाला. "आता गाल पुरणार नाही. खालचा अर्धा जबडा काढावा लागेल. पायातलं हाड घेऊन नवा करू. आधी आला असता तर..."

मी सर्जनला काही सांगितलं नाही. गुडाखू, डबी, चित्र, काहीच नाही. त्याच्या नजरेत माझा भाऊ दोनदा खोटं बोललेला पेशंट होता आणि तसाच राहिला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दिवस संपेपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर आम्ही बसलो होतो. मोहाडीहून नातेवाईक आले होते, मामा, मामी, शेजारच्या दोन बाया. माय त्यांना सांगत होती. मी समोरच बसले होते, पण ती आवाज खाली करत नव्हती.

"चांगलं औषध चालू होतं. लावलं का दुखणं थांबे. हिनं बंद करवलं. शिकली न जास्त. सुनेले हाताशी धरलं, मले दाराबाहेर ठेवलं. अन् आता पाहा, जबड्यापर्यंत गेलं."

"खरं काय?" मामीने माझ्याकडे पाहत विचारलं.

भावाची बायको उठली. तिचं तोंड उघडलं होतं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"हो," मी म्हटलं. "मीच बंद केलं."

माय म्हणाली, "ऐकलं?" आणि पदर डोळ्याला लावला. मामीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. शेजारच्या बाया सरकून तिच्या बाजूला जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने सिस्टरने दारातून बोलावलं. एकाच माणसाला आत सोडत होते. माय उठायला लागली, पण तिला नळ्या लावलेला तो चेहरा पाहवणार नाही म्हणून मामाने तिला बसवलं. मी पायांत कापडी पिशव्या घातल्या आणि आत गेले.

त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. गळ्यात नळी, नाकात नळी, एका बाजूला सूज, आणि गालाच्या जागी पायावरून आणलेलं कातडं, त्याच्या स्वतःच्या रंगाहून फिकं, कडेने टाके. बसवलेलं कातडं जगलं की नाही हे दर तासाला पाहतात. सिस्टरने बारीक सुई घेतली आणि त्या कातड्याला टोचली. रक्त काळपट आलं तर पुन्हा आत न्यावं लागतं. काहीच आलं नाही तर संपलं.

आधी काही आलं नाही. सिस्टर वाकली. मग सुईच्या जागी एक थेंब वर आला.

"लाल आहे," ती म्हणाली आणि वहीत लिहायला वळली.

भावाचे डोळे उघडे होते. बोलता येत नव्हतं. त्याने पांघरुणावरचं बोट जरा उचलून दाराकडे केलं. मला कळलं, तो मायबद्दल विचारत होता.

"बाहेर बसली आहे," मी म्हटलं. "मला शिव्या देऊन राहिली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि त्याच्या बोटांनी माझी दोन बोटं धरली, घट्ट. सिस्टर म्हणाली, "ताई, आता बाहेर थांबा. पुढची सुई तासाने." मी हात सोडवून घेतला नाही. तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा घेतला.